पायरीवरून काढलेली चित्रं



मागचे काही भाग आपण किल्ले आणि मोहिमा यांतच काढले. त्यामुळे आज मी काशीच्या पंचगंगा घाटावर उभा राहून व्यंगचित्रांबद्दल बोलणार म्हटल्यावर काहींना वाटेल, कर्नलसाहेब निवृत्तीनंतर वाट चुकले. थोडं थांबा. वाट बरोबर आहे, फक्त चढ जास्त आहे.

हा घाट खरोखरच खडा आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्या इथे एकत्र येतात अशी श्रद्धा; डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. वर औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे, तिच्याजवळच बिंदुमाधवाचं आताचं देऊळ. अहिल्याबाईंचा म्हणून दाखवतात तो दगडी दीपस्तंभही इथेच. कार्तिकात उंच बांबूंच्या टोकांना टोपल्या बांधून त्यांत आकाशदिवे लावतात. शेजारचे ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट म्हणजे जुनी मराठी वस्ती. तिथल्या गल्ल्यांत आजही मराठी कानावर पडतं, जरा बनारसी हेल लागलेलं, पण आपलंच.

फौजेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की उंच जागा धरा. ज्याच्याकडे टेकडी त्याला सगळं दिसतं, गोळी खाली मारायला सोपी, आणि चढून येणारा आधीच दमलेला असतो. व्यंगाचं नेमकं उलटं आहे. ते खालच्या पायरीवरून वर मारायचं हत्यार आहे. वरच्या पायरीवर बसून खालच्याचं नाक लांब काढलं तर त्याला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे: हेटाळणी. हा फरक समजून घ्यायला पंचगंगा घाटासारखी दुसरी जागा मला सापडलेली नाही.

कबिराची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. स्वामी रामानंद पहाटे याच घाटावर स्नानाला येत. विणकराच्या पोराला ते दीक्षा देणार नाहीत म्हणून कबीर अंधारात पायरीवर आडवा झाला, स्वामींचा पाय त्याला लागला, त्यांच्या तोंडून ‘राम’ निघालं आणि कबिराने तोच मंत्र मानला. दोघांचे काळ जुळवताना अभ्यासकांची दमछाक होते, ते सोडा. लोकांनी ही कथा पाचेकशे वर्षं जपली, ती का जपली हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याने पुढे काझी आणि पंडित या दोघांचीही टर उडवली, तो माणूस लोकांच्या आठवणीत पहिल्यांदा दिसतो तो पायाखालच्या पायरीवर. त्याला उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.

आता आपल्या माणसाकडे येतो. पैठणचे एकनाथ. भागवताच्या एकादश स्कंधावर ते मराठीत टीका लिहीत होते. पहिले पाच अध्याय पैठणात झाले. त्यांची प्रत काशीला पोचली आणि इथल्या पंडितांचं पित्त खवळलं, की संस्कृतातलं ज्ञान प्राकृतात उघडं करणारा हा कोण? नाथांना इथे बोलावणं आलं, म्हणजे आजच्या भाषेत चौकशीच लागली. परंपरा सांगते की त्यांचं लेखन ऐकल्यावर विरोध मावळला आणि शेवटी ग्रंथाची मिरवणूक निघाली. परंपरा सोडली तरी ग्रंथाच्या शेवटी नाथांनी स्वतः स्थळकाळ नोंदवून ठेवला आहे: वाराणसी, शके १४९५, कार्तिक पौर्णिमा. म्हणजे इसवी सन १५७३. कार्तिक पौर्णिमा हा या घाटाचा सगळ्यात मोठा दिवस. आज त्याला देवदीपावली म्हणतात आणि होड्यांचे भाव दहापट होतात.

नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. म्हणजे आमच्याच खात्यातले. गुरू समाधीत असताना शत्रू आला आणि नाथांनी त्यांचं चिलखत चढवून किल्ला राखला अशी एक कथा आहे. मी ती खरी मानतो की नाही हे विचारू नका. एका निवृत्त अधिकाऱ्याचा एवढा पक्षपात चालवून घ्या.

पण नाथांचं खरं हत्यार भारूड. व्यंगचित्राला मराठीत अर्कचित्र असाही शब्द आहे, आणि तो फार नेमका आहे. माणसाचा सगळा तपशील टाकून द्यायचा आणि एकाच खोडीचा अर्क काढायचा. भारुडात हेच आहे, फक्त कागद नाही. जोशी येतो, गोंधळी येतो, वासुदेव येतो, आंधळा येतो, बहिरा येतो, नवऱ्याला कंटाळलेली बाई येते. प्रत्येकाचं एक सोंग, एक चाल, एक आवाज. बघणारा आधी हसतो, मग त्याच्या लक्षात येतं की आंधळा म्हणजे समोर बसलेला मीच. ढोंगी गुरू, पोटभरू संनासी, पैसे घेऊन पुण्य विकणारा भट, सगळ्यांची चंपी होते. आणि भारूड रचणारा स्वतः पैठणचा ब्राह्मण आहे! आपल्याच जातीच्या, आपल्याच गावच्या, आपल्याच शेजाऱ्यांच्या तोंडावर तो हे म्हणतो.

त्याहून एक पायरी पुढे म्हणजे ‘जोहार’. महार म्हणून ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्याच्या तोंडून नाथ बोलतात. गावाचा हिशेब तो मांडतो आणि ऐकावं लागतं पाटलाला, कुलकर्ण्याला. आज एखादा वाचक विचारेल, आणि त्याने विचारलंच पाहिजे, की त्या माणसाला स्वतः का बोलू दिलं नाही? उसना आवाज तो उसनाच. हे मान्य करूनही सोळाव्या शतकात एक ब्राह्मण कवी वरची पायरी सोडून खालून वर बघायचा प्रयत्न करतो, हे लहान नाही.

नाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ शाळेत शिकवत नाहीत. शिकवायला हवा होता. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान एकमेकांची अशी काही सालटी काढतात, की आज कोणी नवीन म्हणून लिहिलं तर दोन्हीकडून मोर्चे निघतील. तू माझ्या देवाला हसतोस, मग मी तुझ्या देवाला हसतो. दोघांनाही सारखंच लागतं, दोघांनाही सारखंच सुनावलं जातं, आणि शेवटी दोघे गळ्यात पडतात. पैठणवर तेव्हा निजामशाहीचा अंमल. राज्यकर्त्याच्या धर्मावर असं लिहिणं सुरक्षित नव्हतं आणि स्वतःच्या धर्मावर लिहिणं तर त्याहूनही नाही. या घाटावर मशीद आणि देऊळ एका नजरेत दिसतात. त्या दोन वास्तूंचा इतिहास कडवट आहे, तो पुसायचा नाही आणि कोणी पुसू नये. पण इथे उभं राहिलं की मला तो संवाद आठवतोच.

आता झपाट्याने तीनशे वर्षं पुढे. १८४१ साली लंडनला ‘पंच’ निघाला आणि साम्राज्यभर त्याची पिल्लं झाली. मुंबईत १८५४ चा ‘पारसी पंच’, लखनौला १८७७ चा ‘अवध पंच’, आणि ठाण्याला आपला ‘हिंदू पंच’. गंमत बघा, साहेबाने स्वतःच्या करमणुकीसाठी आणलेला विदूषक आपल्या लोकांनी पळवला आणि साहेबावरच सोडला. त्याआधीही आपल्याकडे विदूषक नव्हता असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा नागवतो ते दाखवलं, आणि मध्ये मध्ये बोलायला विदूषकच ठेवला. खालच्या पायरीवरच्या माणसाने स्वतःच्या आवाजात काढलेलं हे चित्र.

‘हिंदू पंच’चं एक प्रकरण मात्र सांगायला हवं, कारण ते आपल्याला आवडणारं नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. महाराष्ट्र संतापला, आणि त्या संतापात या शिक्षेमागे गोखल्यांचा हात आहे असा आरोप पसरला. ‘हिंदू पंच’ त्यात उतरला. गोखल्यांसारख्या मवाळ माणसाने १९०९ साली त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. सरकारवर हसता येत नाही म्हटल्यावर हातातलं हत्यार शेजाऱ्याकडे वळतं. हे मी लष्करातही पाहिलं आहे. वरिष्ठावरचा राग बरोबरीच्यावर निघतो, आणि त्याला मर्दुमकी म्हणतात.

पुन्हा काशी. इथून दक्षिणेला, बोटीने गेलात तर सगळे घाट बघत बघत, हनुमान घाट लागतो. १८९८ ते १९०२ या काळात तिथे आत्याच्या घरी एक तमिळ मुलगा राहून शिकला. सुब्रह्मण्य भारती. पुढे मद्रासला १९०६ पासून त्याने ‘इंडिया’ साप्ताहिक चालवलं आणि तमिळ पत्रकारितेत राजकीय व्यंगचित्र आणलं. टिळकांना तो गुरुस्थानी मानायचा. आणि काशीतच १८८३ साली एका मराठी घरात बाबुराव विष्णु पराडकर जन्मले. ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. १९२० साली काशीत ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू झालं, त्याला घडवलं पराडकरांनी. त्यात पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ हे ‘अष्टावक्र’ या नावाने ‘ऊटपटाँग’ हे विनोदी सदर लिहायचे. आठ ठिकाणी वाकडा असलेला ऋषी! व्यंग लिहिणाऱ्याने यापेक्षा चांगलं टोपणनाव कुठून आणावं? १९३० च्या सत्याग्रहात वर्तमानपत्रांच्या नाड्या आवळल्या गेल्या, तेव्हा याच गल्ल्यांतून ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक छापून वाटलं जाई. त्यामागेही पराडकर होते. हिंदी पत्रकारितेचा इतिहास सांगताना उत्तरेत हे नाव आदराने घेतात. महाराष्ट्रात विचारा, शंभरात दोघांना माहीत असेल तर नशीब.

आता या घाटाचा आणि मराठी व्यंगचित्राचा एक धागा सांगतो. तो मला स्वतःला सापडला तेव्हा मी बराच वेळ नदीकडे बघत बसलो होतो.

मूळ बिंदुमाधवाचं भव्य देऊळ पाडलं गेल्यावर नंतरचं हे साधंसं देऊळ कोणी बांधलं? औंधच्या पंतप्रतिनिधींनी. सातारा भागातलं ते लहानसं संस्थान. १९०९ पासून तिथे भवानराव ऊर्फ बाळासाहेब गादीवर होते. स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. बेळगावात नगरपालिकेमुळे कारखान्याची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच राजाने आपल्या संस्थानात जमीन दिली. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर आणि कडबा कापायची यंत्रं तिथून शेतकऱ्यापर्यंत पोचवायची म्हणून १९२० साली एक छोटं माहितीपत्र निघालं: ‘किर्लोस्कर खबर’. ते काढलं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी. हे शंकरराव लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आलेले. नांगराच्या जाहिराती काढता काढता त्यांच्या हातून समाजाची चित्रं निघायला लागली.

‘टाकांच्या फेकी’ हे त्यांच्या व्यंगचित्रांचं नाव. तरुण मंडळींसाठी सांगतो, टाक म्हणजे दौतीत बुडवून लिहायची लेखणी. शंकररावांनी त्या टाकाने रूढी, बुवाबाजी आणि सोवळ्याओवळ्याचं अवडंबर टिपलं. ‘खबर’चं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. सुशिक्षित मराठी घरातल्या आजच्या आज्यांना विचारा, त्यांच्या आईच्या फडताळात यातलं एक तरी मासिक असायचंच.

म्हणजे बघा, ज्या घराण्याने काशीत देवाचं घर पुन्हा बांधलं, त्याच घराण्याच्या जमिनीवर देवाच्या नावाने चालणाऱ्या ढोंगाची टर उडवणारं मासिक छापलं जात होतं. राजा भाविक होता. प्रत्येक चित्र त्याला रुचलं असेल असं मला वाटत नाही. पण त्याच्या राज्यात तो छापखाना चालला. १९३९ साली याच राजाने आपली सत्ता लोकांच्या हाती देणारी राज्यघटना औंधला लागू केली, त्याला गांधीजींचा सल्ला होता. स्वतःचं सिंहासन एवढं मोकळं करणाऱ्याला टाकाच्या शाईची भीती कशाला वाटेल?

मराठी व्यंगचित्राचा सगळाच प्रवास असा नाही, हेही बोलू. दिवाळी अंकांतली हास्यचित्रं आठवा. लाटणं घेतलेली जाडी बायको, खाष्ट सासू, टंच टायपिस्ट, बावळट मोलकरीण. काढणारा हात कसबी, पण बसलेला वरच्या पायरीवर. वर्षानुवर्षं आपण हसलो. बायकाही हसल्या, कारण न हसणारी बाई खडूस ठरायची.

आणि १३ ऑगस्ट १९६०, ‘मार्मिक’. बाळ ठाकऱ्यांची रेघ अव्वल होती यात वाद नाही. डेव्हिड लोचा अभ्यास त्या रेघेत दिसतो, मंत्र्यांच्या पोटांचा आकार तर कायमचा ठरवून गेली ती. मुखपृष्ठावरचं चित्र वर मारायचं. पण त्याच साप्ताहिकात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य नोकरदारांच्या याद्या छापल्या गेल्या. त्या यादीतला कारकून काही सत्ताधीश नव्हता. चाळीत राहणारा, लोकलने जाणारा माणूस होता तो. मराठी मुलाला नोकरी मिळत नव्हती हे दुःख खरं होतं. मी त्याच पिढीच्या मागोमाग वाढलो, मला ते ऐकीव नाही. तरी एका अंकात दोन दिशांना गोळीबार होता, हे वाचणाऱ्याने बघायला हवं. परराज्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हे लवकर समजतं, कारण तिथल्या यादीत आपलंही आडनाव बसू शकतं.

आता ज्याच्यावर व्यंग होतं त्याच्याकडे वळू.

पलटणीत बडाखाना असतो. त्या दिवशी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, आणि नंतर जवान कार्यक्रम करतात. त्यात एक नक्कल हमखास असते. कमांडिंग ऑफिसर कसा चालतो, सुभेदार मेजर मिशी कशी पिळतो, नवा लेफ्टनंट नकाशा उलटा कसा धरतो. साहेब समोर पहिल्या रांगेत, बाजूला मेमसाहेब. साहेब हसला तर मांडव दणाणतो. साहेब ओठ आवळून बसला तर पुढच्या सहा महिन्यांत त्याला खालून एकही खरी बातमी मिळत नाही. मी दोन्ही प्रकारचे साहेब पाहिले आहेत. ज्याची नक्कल होत नाही त्या अधिकाऱ्याची मला नेहमी काळजी वाटायची.

याचं मोठं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. अमेरिकन सैन्यात बिल मॉल्डिन नावाचा एक सार्जंट होता, विशी ओलांडलेला पोरगा. ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या सैन्याच्या वर्तमानपत्रात तो विली आणि जो या दोन सैनिकांची चित्रं काढायचा. दाढी वाढलेले, चिखलात बरबटलेले, झोप न झालेले. वीर कमी आणि थकलेले मजूर जास्त. जनरल पॅटन भडकला. गणवेश, दाढी, टाय यावर त्याचा जीव. आणि हा पोरगा सैनिकांना भिकाऱ्यासारखं दाखवतो! १९४५ साली त्याने मॉल्डिनला समोर बोलावून झाडलं, वर्तमानपत्र आपल्या आर्मीत येऊ देणार नाही अशी धमकीही दिली. पण सर्वोच्च सेनापती आयझेनहॉवरने हात घालायला नकार दिला. त्याच वर्षी मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळालं. पॅटन लढवय्या होता, पण खंदकातला माणूस काय बघतो आहे हे त्या सार्जंटच्या चित्रात जास्त होतं, आणि आयझेनहॉवरला ते समजलं असावं.

आपल्याकडे नेहरूंनी शंकर यांना, मलाही सोडू नका असं सांगितल्याचं नेहमी सांगतात. ‘शंकर्स वीकली’ १९४८ साली निघालं आणि १९७५ साली, आणीबाणीच्या वर्षी, शंकर यांनी स्वतःच ते बंद केलं. तेवढ्या दोन तारखा पुरेत.

पण याच शंकर यांच्या एका चित्रावर मला थांबायचं आहे. हे चित्र १९४९ सालचं, घटना समितीचं काम चालू असतानाचं. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय. तिच्यावर बाबासाहेब आंबेडकर बसलेत, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. भोवती बघ्यांची गर्दी. काम फार सावकाश चाललं आहे, एवढंच शंकर यांना म्हणायचं होतं. २००६ च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते छापलं गेलं आणि २०१२ च्या मे महिन्यात संसदेत त्यावरून वादळ उठलं. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली.

मोडतोड करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. अभ्यासकाच्या खोलीत घुसून खुर्च्या फेकण्यात काही शौर्य नाही. पण ते चित्र खुपलेल्या लाखो लोकांना विनोद कळत नाही असं जे तेव्हा अनेक शहाण्यांनी लिहिलं, तेही मला पटलं नाही. दिल्लीत बसलेल्या वाचकाला त्या चाबकात घाई दिसते. ज्याच्या आज्याने खराच चाबूक खाल्ला आहे, त्याला बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक दिसतो, आणि चाबूक कोणाच्या हातात हेही दिसतं. चित्र एकच, पायऱ्या दोन. उन्नामती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातली आंबेडकरांवरची इंग्रजी वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं गोळा करून २०१९ साली पुस्तक केलं. एकामागून एक ती पाहिली की एकट्या चित्रात न दिसणारी सवय दिसायला लागते.

दुसरी गोष्ट अशी की व्यंगचित्राचा आरोपच मुळात तपासायला हवा. काम खरंच सावकाश होतं का? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी हिशेब दिला आहे. मसुदा समिती १४१ दिवस बसली. घटनेत ३९५ कलमं. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. इतर देशांनी घटना करायला किती वेळ घेतला तेही त्यांनी सांगितलं. आणि त्याच्या वर्षभर आधी, ५ नोव्हेंबर १९४८ ला, टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहात सांगितलं होतं की सात जणांच्या मसुदा समितीतला एक राजीनामा देऊन गेला, एक वारला, एक अमेरिकेत, एक संस्थानच्या कामात, एक-दोघे दिल्लीपासून दूर, आणि अखेर सगळा भार एकट्या आंबेडकरांवर आला. म्हणजे गोगलगाईवर बसलेला माणूसच ती गोगलगाय खांद्यावर घेऊन चालत होता. शंकर मोठे चित्रकार, पण या खेपेला नेम चुकला.

नंतर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बरीच व्यंगचित्रं पुस्तकांतून काढावीत अशी शिफारस झाली. समितीतल्या एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळं मत नोंदवलं. मला विचाराल तर चित्र काढून टाकण्यापेक्षा त्याच पानावर समोर बाबासाहेबांचा तो हिशेब छापायचा होता. मुलांनी दोन्ही बघितलं असतं.

आमच्या वसाहतीच्या वाचनालयात मी गेल्या उन्हाळ्यात तसं करून पाहिलं. फळ्यावर एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला आकडे: १४१, ३९५, ७,६३५, २,४७३. आठवी-नववीची पंधरा-सोळा मुलं होती. मला वाटलं चाबकाबद्दल विचारतील. एका मुलीने मागच्या गर्दीवर बोट ठेवून विचारलं, “सर, ही माणसं नुसती बघत का उभी आहेत?” त्यावर पाऊण तास वाद झाला. कोणी म्हणालं तो देश आहे, कोणी म्हणालं ते आपण, एक म्हणाला ते वर्तमानपत्र वाचणारे. माझ्याकडून त्यात फारशी भर पडली नाही. पाच वाजले तेव्हा वाचनालयाच्या शिपायाने दिवे घालवायला सुरुवात केली आणि मुलं भांडत भांडतच जिना उतरली.